वऱ्हाडच्या वेशीवरची हिमनदी

वैशाखाच्या ऐन दुपारी अकोल्याच्या रस्त्याने चाललेल्या एखाद्या गृहस्थास वाटेत थांबवून कोणी सांगितले, की "महाराज, आपल्या वऱ्हाडच्या वेशीवर एके काळी बर्फाची नदी होती," तर तो गृहस्थ सांगणाराच्या डोक्यास ऊन लागले आहे असे समजून त्याला आधी सावलीत बसवील, मग कैरीचे पन्हे पाजील आणि घरी पोहोचविण्याची व्यवस्था करील. त्याचा यात काहीच दोष नाही. ज्या मुलखात उन्हाळ्यात घराच्या भिंती रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत, तेथे बर्फ म्हटले की सरबताच्या दुकानातील लादीच डोळ्यांपुढे यावयाची. तथापि ते विधान खरे आहे. त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे आणि तो वाचण्याचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. त्या इतिहासात एक वाद होता. दूरवरचे धोंडे येथे आणले ते पाण्याच्या काठच्या बर्फाने, की जमिनीवरून सरकत आलेल्या हिमनदीने, असा तो वाद. आज हाच प्रश्न दक्षिण ध्रुवाच्या किनाऱ्यावर निराळ्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला आहे आणि त्याचे उत्तर आपल्या नातवंडांच्या संसारापर्यंत येऊन पोहोचणारे आहे.

प्रथम जागा पाहू. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हाचा झालेला आहे. त्या जाड पांघरुणाखाली काय आहे, हे वऱ्हाडात फार थोड्या ठिकाणी उघडे पडते. मोर्शीकडील मंडळी महाशिवरात्रीस सालबर्डीच्या यात्रेला जातात. त्या डोंगरात लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे, गोंडवन काळातील वालुकाश्म डोके वर काढून आहेत. दुसरे ठिकाण आपल्या आग्नेय सीमेवर, वणीच्या बाजूस आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्यास १९०५ पावेतो वणी जिल्हा म्हणत, त्याची दक्षिण सीमा पैनगंगेने आखलेली आहे. पुढे ती वर्धा नदीस मिळते. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे जुना चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा. या टापूत लाव्ह्याचे पांघरूण संपते आणि खालची जुनी दुनिया दिसू लागते. वणी-राजूरचा कोळसा त्या दुनियेतला. सिमेंटच्या कारखान्यांना लागणारी पैनगंगेकाठची चुनखडी तर त्याहूनही पुरातन.

चांदा शहराच्या पश्चिमेस, किंचित नैर्ऋत्येकडे, पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ ही चुनखडी उघडी आहे. चांद्याजवळून वाहणारी इरई नदी निराळी आणि हे गाव निराळे, हे ध्यानात ठेवावे. येथे चुनखडीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर एकमेकांस समांतर असे लांब ओरखडे व पन्हळी आहेत. त्या घासलेल्या फरशीवर माती, वाळू आणि लहानमोठे धोंडे यांचा विस्कळीत थर पसरलेला आहे. त्यांतील कित्येक धोंड्यांच्या बाजू सहाणेवर उगाळल्यासारख्या सपाट झालेल्या असून त्यांवरही तसेच ओरखडे आहेत. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याचे पहिले प्रमुख डॉ. टॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांच्या नजरेस हे दृश्य १८७० नंतरच्या दोन-चार वर्षांत पडले आणि १८७५ साली फेडन यांनी खात्याच्या नियतकालिकात त्यावर एक छोटासा लेख लिहिला.

या लेखाच्या मथळ्यातच एक शब्द आहे, त्याचे मराठी "तळबर्फ" असे करता येईल. तो शब्द तेथे का आला, हे समजण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागते. ओरिसातील तालचेर या संस्थानात कोळशाचा शोध घेण्यासाठी गेलेल्या विल्यम व हेन्री ब्लॅन्फर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांना कोळशाच्या थरांखाली एक विलक्षण गोष्ट आढळली होती. अगदी बारीक गाळाच्या थरात मोठमोठे धोंडे रुतून बसलेले होते. ज्या पाण्याचा प्रवाह इतका संथ की त्यात बारीक गाळ खाली बसावा, त्या पाण्याने हे धोंडे आणले कसे? पुराचे पाणी धोंडे आणील, पण मग बारीक गाळ वाहून नेईल. दोन्ही एकाच ठिकाणी राहावयाचे नाहीत. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तान्तात त्यांनी सुचविले, की थंडीत पाण्याच्या तळाशी व काठाशी बर्फ धरला असावा, त्यात धोंडे अडकले असावेत आणि तो बर्फ सुटून तरंगत गेला तेव्हा धोंडे वाटेत गळून पडले असावेत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण प्रदेशात, बर्फाचे नाव घेणे हेच त्या काळी मोठे धाडस होते.

त्यांनी हिमनदीचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटावयास नको. पूर्वी हिमनद्या आजच्यापेक्षा कितीतरी दूरवर पसरलेल्या होत्या, हा सिद्धान्त लुई अगासी यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८३७ साली मांडला, तेव्हा तो पुष्कळांच्या गळी उतरेना. चार्ल्स लायेलसारखे थोर भूशास्त्रज्ञही युरोपच्या मैदानांवरील परके धोंडे समुद्रावरून तरंगत आलेल्या बर्फाने टाकले, या मताकडे झुकत. अशा रीतीने त्या शतकात भूशास्त्राच्या दरबारात दोन पक्ष उभे राहिले. एक तरंगत्या बर्फाचा, दुसरा हिमनदीचा. जणू दोहोंपैकी एकच बर्फ खरा असला पाहिजे.

इरईच्या फरशीने या वादात हिमनदीच्या बाजूने साक्ष दिली. तरंगता बर्फ लाटेवर हेलकावे खातो, आपटतो आणि पुन्हा सुटतो. त्याने दगड खरवडला, तर ओरखडे वाकडेतिकडे उमटावयाचे. जेथे कठीण चुनखडी घासून चकचकीत झाली आहे आणि रेघा फूटपट्टीने आखल्यासारख्या एका दिशेने गेल्या आहेत, तेथे फार मोठ्या वजनाखाली, दीर्घकाळ, एकाच रोखाने काहीतरी सरकत गेले असले पाहिजे. हिमनदीच्या तळाशी दगडगोटे घट्ट धरलेले असतात आणि शेकडो मीटर जाडीच्या बर्फाचे ओझे त्यांवर असते. सुताराच्या कानसीप्रमाणे ती आपल्या खालचा खडक घासत जाते. १९६३ साली ए. जे. स्मिथ यांनी या जागेचा पुन्हा अभ्यास करून हिमनदीचाच निर्वाळा दिला.

पण वऱ्हाडच्या वेशीवर हिमनदी आली कशी? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोंड लोकांच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाले आहे. ऑस्ट्रियाचे एडवर्ड झ्यूस यांनी १८८५ च्या सुमारास भारत, आफ्रिका इत्यादी भूमी एके काळी जोडलेल्या होत्या असे सांगून त्या प्राचीन भूमीस गोंडवनभूमी हे नाव दिले. तालचेर थरांसारखेच धोंड्यांचे थर दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडले होते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडे सरकतात असे प्रतिपादन केले, तेव्हा हेच थर त्यांच्या हाती मोठे प्रमाण म्हणून आले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही सर्व खंडे दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र होती आणि भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाच्या पूर्व भागास लागून होता. म्हणजे हिमनदी वऱ्हाडात आली असे म्हणण्यापेक्षा वऱ्हाडची भूमीच त्या काळी हिमाच्या घरी नांदत होती, असे म्हणणे अधिक बरोबर. वेगेनर यांच्या हयातीत त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले नाही. १९३० च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या हिमपठारावरून परत येताना त्यांचा मृत्यू झाला. बर्फाने त्यांना पुरावा दिला आणि बर्फानेच त्यांना आपल्यापाशी ठेवून घेतले.

येथवर ऐकून श्रोत्यांस वाटेल, की तरंगत्या बर्फाचा पक्ष हरला आणि हिमनदीचा जिंकला. तसे झाले नाही. तालचेर थरांत धोंड्यांच्या गाळावर हिरवट रंगाची, सुयांसारखे तुकडे होणारी बारीक चिकणमाती सापडते आणि तिच्या पातळ थरांत मधूनच एखादा एकटा धोंडा वरून पडल्यासारखा रुतलेला असतो. त्याच्या खालचे थर वाकलेले असतात. हा धोंडा तरंगत्या बर्फातूनच सुटून पडला असला पाहिजे. पुढे १९२१ साली मध्य भारतातील उमरिया येथे आणि १९५४ साली मनेंद्रगड येथे तालचेर थरांच्या लगत समुद्रातील शिंपल्यांचे अवशेष मिळाले. अर्थात मध्य भारतातील त्या हिमनद्यांच्या आसपास समुद्राचा फाटा आत शिरला होता. तेव्हा १८५६ चे ब्लॅन्फर्ड बंधू आणि १८७० नंतरचे इरईचे शोधक या दोघांचेही खरे होते. जमिनीवर हिमनदी होती, तिच्या तोंडाशी पाणी होते आणि पाण्यावर तरंगता बर्फ होता. हे दोन बर्फ एकमेकांचे शेजारी होते.

आता प्रश्न असा, की हे शेजारी एकमेकांशी वागतात कसे? याचे उत्तर ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून पुरते मिळत नाही. त्यासाठी आजच्या ध्रुवप्रदेशात जावे लागते.

हिमनदीचा बर्फ हा आकाशातून पडलेल्या हिमाचा. वर्षानुवर्षे साचून, दबून, तो शेकडो मीटर जाड होतो आणि स्वतःच्या भाराने उताराकडे सरकतो. समुद्रापाशी पोहोचल्यावर त्याचे टोक पाण्यावर तरंगू लागते. कोठे ते जिभेसारखे लांब जाते, तर कोठे अनेक हिमनद्या मिळून विस्तीर्ण तरंगते हिमपठार तयार होते. दुसरा बर्फ समुद्राच्याच पाण्याचा. खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते. त्यातील काही बर्फ वाऱ्याबरोबर भटकतो. काही मात्र किनाऱ्याला, बेटांना आणि हिमनद्यांच्या टोकांना चिकटून एकाच जागी स्थिर राहतो. त्यास आपण किनारबर्फ म्हणू. त्याची जाडी बहुधा एक-दोन मीटर, काही ठिकाणी वर्षांवर वर्षे टिकल्यास अधिक. एकीकडे शेकडो मीटरांचा पहाड आणि दुसरीकडे पुरुषभर उंचीचा पापुद्रा! या पापुद्र्याने त्या पहाडाचे काही बरेवाईट व्हावे, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते.

परंतु ध्रुवावर गेलेल्या दर्यावर्दी लोकांस या पापुद्र्याचा स्वभाव लवकरच कळून आला. कॅप्टन स्कॉट यांचे 'डिस्कव्हरी' हे जहाज १९०२ च्या आरंभी अंटार्क्टिकातील मॅकमर्डो आखातात थांबले आणि किनारबर्फात अडकले. पुढचा उन्हाळा आला नि गेला, पण बर्फ सुटला नाही. १९०४ च्या जानेवारीत मदतीला दोन जहाजे आली, तेव्हाही मध्ये कित्येक मैलांचा बर्फ होता. माणसांनी करवती चालवून पाहिल्या, सुरुंग लावले. अखेर फेब्रुवारीत बाहेरच्या समुद्राच्या लांब लाटा आत येऊ लागल्या आणि दोन वर्षे हटून बसलेला तो बर्फ थोड्या दिवसांत तुटून निघून गेला. किनारबर्फ थंडीने बांधला जातो आणि लाटेने मोडतो, हा धडा तेथे मिळाला.

दुसरा धडा १९११ साली त्याच आखातात मिळाला. स्कॉट यांच्या दुसऱ्या मोहिमेतील बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि क्रीन हे तिघे चार तट्टांसह समुद्रावरील बर्फावर रात्री तळ देऊन निजले होते. मार्चच्या पहिल्या तारखेच्या पहाटे बॉवर्स यांना जाग आली, तो भोवतालचा बर्फ फुटून तुकडे झालेला आणि एक तट्टू नाहीसे झालेले. तिघे जण मोठ्या कष्टाने एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत वाचले. तट्टांपैकी मात्र एकच हाती लागले. त्याच सुमारास तेथून काही मैलांवर इरेबस हिमनदीची समुद्रात गेलेली जीभ पुढच्या बाजूने तुटून वाहून गेली. तीच जीभ पुन्हा वाढली आणि १९९० च्या मार्च महिन्यात तिचा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा तुकडा पुन्हा तुटला. भोवतीचा किनारबर्फ नसताना लाटांनी ही जीभ वाकविली आणि वाकून वाकून ती मोडली, असा तिचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष झाला. लोखंडाची तार आपण एकदा वाकविली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकविली तर तुटते. हे तसेच.

यातून किनारबर्फाचे पहिले काम स्पष्ट होते. तो लाटांना बाहेरच थोपवितो. लाट बर्फाखाली शिरली की तिचा जोर मैलामैलाने कमी होत जातो आणि हिमनदीच्या टोकापर्यंत ती पोहोचते तेव्हा निर्जीव झालेली असते. दुसरे काम बांधून ठेवण्याचे. हिमनदीचे टोक भेगांनी जर्जर झालेले असते. त्या भेगांत, तुटलेल्या ढलप्यांमध्ये आणि लहानमोठ्या हिमनगांच्या फटींत समुद्राचा बर्फ गोठून बसतो आणि चुन्याप्रमाणे त्यांना सांधतो. पूर्णेला पूर आला म्हणजे पुलाच्या खांबांशी झाडांचे बुंधे, काट्याकुट्या, पाचोळा सारे एकमेकांत गुंतून अडते आणि मागच्या पाण्यालाही थोडे रोखून धरते, हे आपण पाहिले आहे. ग्रीनलंडमधील याकोब्सहावन हिमनदीच्या तोंडाशी हाच देखावा बर्फाचा असतो. हिवाळ्यात तो गुंता गोठून घट्ट झाला की हिमनग तुटणे जवळजवळ थांबते आणि हिमनदीचे टोक पुढे येते. उन्हाळ्यात तो सैल पडला की तुकडे भराभर सुटतात आणि टोक मागे जाते.

उपकार एकतर्फी नाहीत. हिमनदीपासून सुटलेले मोठे हिमनग उथळ समुद्रात तळाला टेकून उभे राहतात. ते किनारबर्फाचे खुंटे होत. त्यांना धरूनच तो दूरवर पसरतो. तरंगत्या हिमपठाराखालून वर येणाऱ्या अतिथंड पाण्यात बर्फाचे पातळ पापडासारखे स्फटिक तयार होतात आणि ते किनारबर्फाच्या पोटाला चिकटून त्याची जाडी वाढवितात. हिमनदीची लांब जीभ भटक्या बर्फास अडविते, त्यामुळे तिच्या आडोशास समुद्र मोकळा राहतो. त्या मोकळ्या पाण्यावर थंड वारा वाहून नवा बर्फ सतत तयार होतो. गोठताना मीठ बाहेर टाकले जाते, उरलेले खारट जड पाणी तळाशी जाते आणि त्यातले काही हिमपठाराखाली शिरते. खोल पाण्यात दाबामुळे बर्फाचा वितळबिंदू खाली येतो. म्हणून हे थंडगार पाणीसुद्धा तेथे हिमपठाराच्या मुळाला वितळवू शकते. २०१० च्या फेब्रुवारीत एका प्रचंड हिमनगाची धडक बसून मर्ट्झ हिमनदीच्या जिभेचा सुमारे ७८ किलोमीटर लांबीचा तुकडा सुटला, तेव्हा तिच्या आडोशाचा मोकळा समुद्रही आकसला आणि त्या भागातील बर्फाची पैदास घटली. शेजारी मोडला की शेजाऱ्याचे घरही हलते.

आता अलीकडचा इतिहास पाहू, कारण येथेच गोष्ट गंभीर होते. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील लार्सन-बी नावाचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरांचे तरंगते हिमपठार पाच-सहा आठवड्यांत चुरा होऊन गेले. त्यामागील हिमनद्यांचा वेग दुप्पट ते सहापट झाला. २००७ साली पूर्व अंटार्क्टिकातील पॉरपॉईज उपसागरात किनारबर्फ फुटल्यामागोमाग एकाच वेळी अनेक हिमनद्यांच्या जिभा कोसळल्या आणि सुमारे २,९०० चौरस किलोमीटर बर्फ सुटला. म्हणजे अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक प्रदेश काही महिन्यांत मोडून गेला.

लार्सन-बीच्या रिकाम्या आखातात २०११ साली किनारबर्फ धरला आणि तो तब्बल अकरा वर्षे टिकला. त्या अवधीत मागच्या हिमनद्या सावरल्या, त्यांची टोके पुन्हा पुढे सरकली. २०२२ च्या जानेवारीत तो बर्फ फुटून गेला. तेव्हा हेक्टोरिया हिमनदीची तरंगती जीभ तुटली आणि पुढील सव्वा वर्षात ती सुमारे २५ किलोमीटर मागे हटली. त्यांतील आठ किलोमीटर तर केवळ दोन महिन्यांत! वीस वर्षांच्या या नोंदी एका ओळीत ठेवल्या म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेत निसर्गाने स्वतः प्रयोग करून दाखवावा तसे दिसते. आधार काढला, हिमनदी धावली. आधार आला, ती सावरली. पुन्हा काढला, पुन्हा धावली.

याचा अर्थ किनारबर्फ सर्वशक्तिमान आहे असा कोणी करू नये. ज्या हिमनदीला डोंगरांच्या कुशीत भक्कम पकड आहे, तिला या पापुद्र्याची फारशी गरज नसते. मूळ दुखणे उष्ण होणाऱ्या हवेचे आणि समुद्राचे आहे. परंतु जी हिमनदी आधीच पातळ व भेगाळलेली आहे, तिच्या बाबतीत हा शेवटचा टेकू ठरतो. मोडकळीस आलेल्या घरास लावलेली बल्ली घरापुढे क्षुद्रच दिसते. पण ती कोणत्या दिवशी काढावी याचा विचार घरात राहणाऱ्याने अवश्य करावा.

या दूरच्या भूमीशी आपल्या लोकांचा संबंध आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील एक डॉ. अदिती पंत, जन्माने नागपूरच्या. समुद्र कधी न पाहिलेल्या विदर्भातील पुष्कळ घरांना ही गोष्ट तेव्हा अभिमानाची वाटली असेल. त्याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभारले. ते तरंगत्या हिमपठारावर होते. वर्षावर्षाला हिम साचत जाऊन ते गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. नंतरची ठाणी, शिर्माखरच्या खडकाळ भूमीवरील 'मैत्री' आणि २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर उभारलेली 'भारती', ही कातळावर बांधली गेली. बर्फावर घर बांधू नये, हे शहाणपण आपल्यालाही अनुभवानेच आले.

आणि योगायोग पाहा. ज्या खात्याने सुमारे दीड शतकापूर्वी पैनगंगेच्या पात्रातील मृत हिमनदीचे ओरखडे टिपून घेतले, त्याच जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लोकांनी शिर्माखर येथील एका जिवंत हिमनदीच्या टोकाची मापे वर्षानुवर्षे घेतली. तिचे नावही दक्षिण गंगोत्रीच. ती मागे हटत चालली आहे, असे ती मापे सांगतात.

आता कोणी विचारील, की अमरावती समुद्रसपाटीहून तीनशे मीटरांवर. आम्हाला याची काळजी कशाला? पाण्याच्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पेला सांडत नाही, हे शाळेतले पोरही जाणते. त्याच न्यायाने किनारबर्फ वितळून समुद्र प्रत्यक्ष चढत नाही. परंतु जमिनीवरचा बर्फ पेल्याबाहेरचा आहे. तो आत आला की पेला भरणारच. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर इतका बर्फ आहे, की तो सारा समुद्रात गेल्यास पाण्याची पातळी सुमारे ५८ मीटरांनी चढेल. तसे होण्यास फार मोठा काळ लागेल. पण त्यातील एक-दोन हिस्से जरी आले तरी मुंबईच्या भरावाच्या जमिनी आणि कोकणच्या खाड्या यांची झोप उडेल. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला, तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्याला बांधला गेला. आज अमरावती-अकोल्यात असे सुशिक्षित घर विरळा, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी वा जावई मुंबईत नाही. समुद्र आपल्या दारात आलेला नाही, पण आपण त्याच्या दारात जाऊन बसलो आहोत.

१९७९ पासून उपग्रहांनी ठेवलेल्या नोंदींत २०२३ च्या फेब्रुवारीतील अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ तोपर्यंतचा सर्वांत कमी ठरला. समुद्राची पातळी मोजताना हा बर्फ जमाखर्चात धरला जात नाही. पण शेतात धान्य किती हे मोजताना आपण धुऱ्यावरची बोरी-बाभळीची काटी तरी कोठे मोजतो? ती काटी नाहीशी झाली म्हणजे मात्र सकाळी शेतात गुरे शिरलेली असतात आणि तेव्हा तिची किंमत कळते.

इरईच्या फरशीवरील ओरखडे हे, श्रोतेहो, एका गेलेल्या हिमनदीची सही आहे. ती हिमनदी नाहीशी झाली, तेव्हा ते पाहण्यास आणि त्याचे परिणाम सोसण्यास मनुष्यप्राणी नव्हता. लाखो वर्षांच्या कालगतीने सारे घडले आणि तिच्या जागी जंगले वाढून वणीचा कोळसा झाला. आज तोच कोळसा आपण शंभर-दीडशे वर्षांत जाळीत आणला आणि त्याच्या धुराने दूरच्या हिमनद्यांचे टेकू ढिले होऊ लागले. वऱ्हाडच्या वेशीवर एक हिमनदी येऊन गेली आणि आपल्यामागे कोळसा ठेवून गेली. तो जपून वापरण्याची बुद्धी मात्र तिने ठेवली नाही. ती आपली आपणच मिळवावयाची आहे.